पाळकाच्या डोक्यावरचा हात

बोरवंडीच्या मंडळीत पाळकाच्या डोक्यावर ठेवलेला हात परत निघत नसे. जुना पाळक नव्याच्या डोक्यावर हात ठेवी, प्रार्थना म्हणे आणि उरलेल्या एका हातानिशी घरी जाई. रक्त येत नसे. मनगट गुळगुळीत होई, जणू त्याच्यापुढे कधी काही नव्हतेच. नवा पाळक तो हात डोक्यावर घेऊनच बाप्तिस्मा देई, लग्ने लावी, माती देई. मेला की त्याच्याबरोबर तो हातही पुरत. तोवर त्याचा स्वतःचा हात पुढच्याच्या डोक्यावर गेलेला असे.

लाजरस ओहोळ हा मंडळीचा सगळ्यात जुना पंच. गवंडी होता. आता वय झाले होते, पण चर्चची पूर्वेकडची भिंत त्याच्या हातची होती आणि ती अजून ओळंब्यात होती. कुणी विचारले, की बाबा, इथल्या पहिल्या गोऱ्या पाळकसाहेबाला हात कुणी दिला, तर तो म्हणे, "त्याच्या आधीच्यानं."

"आणि त्याला?"

"त्याच्या आधीच्यानं. मागं जात राहा. खिळ्याचा वण असलेला हात लागला की थांब. त्याच्यामागं विचारायचं नसतं."

यंदा घोटाळा झाला. जुना पाळक एसटीत बसल्या जागी गेला. दोन्ही हात शाबूत असताना गेला. त्याला माती दिली आणि सगळा अधिकार खाली गेला.

नवा पाळक शहरातून आला. विल्सन साठे नाव. तरणा, बोलका, आणि डोके रिकामे. केस नीट विंचरलेले. त्याला पाहून पोरे आईच्या मागे लपली. पहिल्या रविवारी त्याने प्रभुभोजनाची भाकर मोडली आणि हात पुढे केले. एकही माणूस बाकावरून उठला नाही. भाकर तशीच वाळली.

लाजरसच्या घरी त्याची बायको हन्नाबाई खाटेवर होती. तालुक्याच्या डॉक्टरने तिला घरी न्या म्हणून सांगितले होते. तिची एकच मागणी होती.

"अहो, मला प्रभूची भाकर खाऊन जायचंय."

"बोडक्या डोक्याच्या हातून नाही."

"मग कुणाच्या हातून?"

लाजरस उठला. त्याने पंचांना बोलावले.

पंच चर्चमध्ये बसले. विल्सन समोर उभा राहिला. म्हणाला, "माझ्या डोक्यावर बिशपसाहेबांनी हात ठेवलाय. शेकडो लोकांनी पाहिलंय."

"मग कुठंय?" लाजरसने विचारले.

"ठेवला, आशीर्वाद दिला आणि उचलला."

"म्हणजे परत घेऊन गेला."

"बाबा, अधिकार शास्त्रातून येतो."

"आम्ही कुठं नाही म्हणतो? शास्त्रात हात ठेवले असं लिहिलंय. उचलले असं दाखव."

विल्सनने शास्त्र उघडले. बराच वेळ पाने उलटली. मग मिटून ठेवले.

स्तेफन मास्तर हा दुसरा पंच. शाळेतून निवृत्त झालेला, तोंडाचा तिखट. तो म्हणाला, "पाळक नसला तर मंडळीनं द्यावा. पंचांपैकी कुणीतरी. लाजरसभाऊ, तुम्ही वडील."

लाजरसने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले.

"डावा चालेल?"

"देवाला डावा?" मास्तर म्हणाला.

"मग तुमचा द्या मास्तर."

"माझ्या हाताला संधिवात आहे. आजारी अधिकार कशाला मंडळीला?"

विल्सन गुडघ्यावर बसला. लाजरसने उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. केसांखाली कवटी गरम लागली. मग तळवा धरू लागला, ओल्या चुन्यावर वीट धरते तसा. लाजरसने हिसका दिला. हात सुटून आला.

"बसला नाही," तो म्हणाला. "देवाची इच्छा नाही."

 मास्तर भिंतीकडे पाहत राहिला. घरी जाताना लाजरसने तो हात खिशात घातला होता.

दुसऱ्या दिवशी विल्सन घरी आला. पिशवीत भाकर आणि द्राक्षरस होता, पण त्याने पिशवी दाराशीच ठेवली.

"सलाम, बाबा. भाकर नाही देत. नुसती प्रार्थना करून जातो."

"नुसती कर."

तो खाटेशी वाकला. हन्नाबाईने डोळे उघडले.

"वाळलास रे लेकरा. जेवलास का कुठं?" असे म्हणून तिने, घरी आलेल्या कुठल्याही पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा, त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"अगं, हात काढ!" लाजरस ओरडला.

"का?"

"काढ म्हणतो ना!"

हन्नाबाईने मनगट हलवून पाहिले. "आता नाही निघत," ती म्हणाली.

विल्सन हळूहळू उभा राहिला. हात त्याच्याबरोबर वर गेला. हन्नाबाईच्या गुळगुळीत मनगटावरून बांगड्या घसरल्या आणि गोधडीवर पडल्या. एकही फुटली नाही.

"तू पंच नाहीस," लाजरस म्हणाला.  "तुला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. मीही कुणाला विचारलं नाही. हिसका देता आला असता, तुमच्यासारखा." मास्तर सकाळीच येऊन तिला सगळे सांगून गेला होता, हे लाजरसला आता कळले. हन्नाबाई विल्सनकडे वळली. "आणा हो पाळकसाहेब, ती भाकर."

विल्सनने भाकर मोडली. तिने डाव्या हाताने घेतली, सावकाश चावून खाल्ली. मग विल्सन लाजरससमोर येऊन थांबला. डोक्यावरची बोटे जराशी पसरली होती. त्यांतली रेघ न् रेघ लाजरसच्या ओळखीची होती.

"अहो," खाटेवरून आवाज आला, "टोपी काढा."

लाजरसने टोपी काढली, मान वाकवली आणि भाकर घेतली.

हन्नाबाई त्याच आठवड्यात गेली. तिला एका हातानिशी पुरले. खड्ड्यात माती पडू लागली तसा पाळकाच्या डोक्यावरचा हात गार पडला. रविवारी घंटा झाली तेव्हा त्यात परत ऊब आली होती. भाकर मोडल्यावर ती घ्यायला सगळे उठले, बाक रिकामे झाले. मास्तर सगळ्यांत पुढे होता.

आता दर शनिवारी लाजरस पाळकाच्या घरी जातो. पाळक खुर्चीत बसून प्रवचन तयार करतो. लाजरस त्याच्या मागे उभा राहून त्या हाताची नखे काढतो, बोटांना तेल लावतो. काम संपले की हात त्याचे बोट धरतो.

"सोड गं," लाजरस म्हणतो. "पोराला काम आहे."

पहिल्यांदा सांगून तो सोडत नाही.