लखनभाऊचं बोलणं दुपारनंतर

कामरगावात पाण्याची जळलेली मोटर नव्या तारेनं भरून घ्यावी तर लखनकडूनच, असं लखन स्वतःच सगळ्यांना सांगायचा. आणि ते खोटंही नव्हतं. गहू-हरभऱ्याचं पाणी सुरू झालं की त्याच्या दुकानापुढे मोटरी दाटीवाटीनं येऊन बसायच्या, जेवणाची वाट पाहणाऱ्या वऱ्हाड्यांसारख्या. एक मोटर उघडावी तर दुसरा शेतकरी हाक मारी, तिसऱ्याचा फोन येई, चौथा चहा मागवी आणि चहासोबत सुनेची तक्रार सुरू करी. लखन सगळ्यांशी बोलायचा. दुपारचं जेवण मग संध्याकाळी, तेही उभ्यानं.

समोरच हरीओमचं तसंच दुकान. पण हरीओम सकाळीच हात धुऊन, भांग पाडून खुर्चीत बसलेला असे. दुपारी कुलूप लावून जेवायला जाई, वर डुलकीही काढी. ते पाहून लखनच्या पोटात दुखे. त्यात डबा घेऊन आलेली बायको, राखी, रोज जखमेवर मीठ चोळायची.

"हरीओमभाऊचं पाहा. काम वेळेवर, जेवन वेळेवर. तुमालेच काहून जमत नाई?"

शेवटी लखननं वेळेचं नियोजन शिकवणारे व्हिडिओ पाहायला घेतले. वेळ वाया घालवू नये, हे शिकण्यात एक अख्खी दुपार गेली. पण नियम मनात पक्के बसले. पहाटे उठायचं, अवघड काम आधी, एका वेळी एकच मोटर. फोन बंद करून खोक्यात. आणि दुपारपर्यंत कोणाशी म्हणजे कोणाशीच बोलायचं नाही. गप्पांना जागाच नको म्हणून त्यानं दारातलं बाकडंही मागं नेऊन टाकलं. त्या हरीओमले आता दाखवतोच, असं त्यानं राखीला बजावलं.

पहिल्याच सकाळी तो दाराकडे पाठ करून तांब्याची तार गुंडाळत होता. मागं कोणीतरी धपकन मोटर ठेवली. मग खाकरलं. लखननं मान वळवली नाही. पुन्हा खाकरलं.

"दुपारपर्यंत बोलनं बंद हाये," लखन भिंतीला म्हणाला. "ज्याले घाई असंन त्यानं दुसरीकडं जावं."

माणूस मोटर उचलून गेला. आपल्याला सवय लागली, या आनंदात लखननं तारेचे वेढे आणखी घट्ट ओढले.

ते त्याचे सासरे होते, नानाजी. हरभरा सुकत होता म्हणून मंगरूळपीरकडून जीपमध्ये मोटर घालून आले होते. निघताना जावयाला फोनही करून पाहिला, पण फोन खोक्यात. आणि घाई तर होतीच. दुसरीकडे म्हणजे समोर. हरीओमनं त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि मोटर उघडली.

दुपारी लखन बाहेर आला तर सासरे समोरच्या खुर्चीत मांडी घालून बसलेले. धावत जाऊन तो पाया पडला, टाइमटेबल समजावून सांगू लागला. नानाजी शांतपणे ऐकत होते.

"तुमचं चालू द्या जवाई," ते म्हणाले. "मले ह्या पोराचं काम पटलं."

लग्न झाल्यापासून नानाजींना लखनचं कोणतंच काम पटलं नव्हतं. आणि हा हरीओम एका दिवसात 'पोरगा' झाला!

नानाजींनी जीपची वाट पाहता पाहता हा किस्सा चार लोकांना सांगितला. संध्याकाळपर्यंत तो गावभर झाला. कोणी म्हणालं, लखनचे कान गेले. कोणी म्हणालं, घरात वाजलं. शेवटी लखन पोहरादेवीला मौनाचा नवस बोलला आहे, यावर गावाचं एकमत झालं. शेतकरी समजूतदार. आपल्यामुळे नवस मोडायला नको म्हणून मोटरी समोर नेऊ लागले.

लखनचं काम आता सकाळीच आटपू लागलं. मग सकाळीही उरेना. तो दारात उभा राहून समोरची गर्दी पाहायचा. सुनेची तक्रार सांगणारा तो म्हातारा आता हरीओमला सांगत होता आणि हरीओम मान डोलावत होता. लखनला ते बघवेना. ती तक्रार वर्षानुवर्षं त्याच्या हक्काची होती.

एके दिवशी हरीओमच रस्ता ओलांडून आला. केस विस्कटलेले, शर्टाला वॉर्निश लागलेलं.

"लखनभाऊ, तुमी कसं जमवता? मले तं जेवाले टाइम नाई."

"तुले तं पयलेपासून जमत होतं."

"काय जमत होतं? गिऱ्हाइकच नवतं. दिवसभर तुमच्या गर्दीकडं पाहत बसायचो. लय जळायचो तुमच्यावर, खोटं काहून बोलू?"

लखननं मोठ्या मायेनं हरीओमच्या खांद्यावर हात ठेवला. "असं कर. फोन बंद ठेव अन् दुपारपर्यंत कोनाशी बोलू नको. लय फरक पडते."

हरीओमनं विचार केला. "नाई जमनार, भाऊ. मानसाबिगर मले करमत नाई."

तेवढ्यात समोरून त्याला हाक आली. नानाजी शेजाऱ्यांच्या मोटरी घेऊन आले होते. हरीओम धावला.

राखी डबा घेऊन आली तेव्हा ऊन डोक्यावरही आलं नव्हतं. भाकर गरम होती. लखन खाली बसून, एकेक घास चावून जेवला. मग हात धुतले आणि आता किती वेळ उरला ते पाहिलं.

सगळाच उरला होता.