आतून कडी

आमदार शाळेत आला की हेडमास्तरांच्या खोलीत जातो, हार घालून घेतो, चहा पितो, ‘खूप शिका’ म्हणतो आणि गाडीत बसतो. आमच्या काचीगुड्याचे आमदार विश्वंभरराव, म्हणजे सगळ्यांचे नाना, शाळेत आले की थेट मुलींच्या संडासाकडे चालू लागतात. नाना पुढे, हार धरलेले मास्तर मागे. दार लोटून बघतात आणि विचारतात, “कडी कुठंय?”

कडी नसते. कधी निखळलेली असते, कधी बसवलेलीच नसते. हेडमास्तर म्हणतात, “साहेब, प्रपोजल पाठवलंय वर.”

“प्रपोजल लावून दार बंद होतं का?” असं म्हणून नाना ओरडतात, “यादगिरी!”

यादगिरी त्यांचा ड्रायव्हर. तो डिकीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणतो. त्यात कड्या, स्क्रू आणि पेचकस. सत्तरीचा माणूस सगळ्यांसमोर गुडघे मोडून बसतो आणि कडी बसवतो. तेवढ्यानं भागत नाही. एखाद्या बाईंना आत पाठवून कडी लावायला सांगतात, स्वतः दाराला पाठ टेकून सगळा भार टाकतात आणि मोठ्यांदा पाढे म्हणायला लागतात. बे एके बे, बे दुणे चार. कडी टिकली तर शाळा पास. आत अडकलेल्या बाई कितव्या पाढ्याला सुटतील, ते देवाला आणि नानांनाच ठाऊक.

पाढे ही त्यांची खोडच. सिग्नलला गाडी थांबली की पाढे, लग्नात भटजी लांबले की पाढे, सभागृहात गोंधळ सुरू झाला की डोळे मिटून पाढे. दोनापासून तीसपर्यंत जातात, पण सोळाचा संपला की एकदम अठराचा. सतराचा कधीच नाही. मी नीट लक्ष देऊन ऐकलंय. मला वाटायचं, येत नसेल.

जुन्या शहरात कडीला कुंडी म्हणतात, म्हणून तिथं नाना ‘कुंडीसाब’. त्यांचा पक्ष मी सांगत नाही, कारण तो त्यांनी तीनदा बदललाय. कडी मात्र बदलली नाही.

विधानसभेत तर एकदा कहर झाला. तेलुगूत कडीला ‘गडिया’ म्हणतात, आणि घटकेलाही गडियाच. शाळांच्या अनुदानावर चर्चा चालली होती. नाना उठले आणि हात वर करून म्हणाले, “अध्यक्षा, गडिया कावाली!” म्हणजे आम्हाला कडी पाहिजे. अध्यक्षांना वाटलं, हे घटकाभर वेळ मागतायत. ते म्हणाले, तुमची गडिया संपली, खाली बसा. नाना म्हणाले, संपली कुठली, बसवलीच नाही अजून! सगळं सभागृह हसलं. टीव्हीवर दिवसभर तेच. दुसऱ्या कुणी आठ दिवस तोंड लपवलं असतं. नाना म्हणाले, “तेलुगूवाले शहाणे. पोरीला घटकाभर दार बंद मिळालं पाहिजे, एवढंच मागणं. दोन्हीला एकच शब्द ठेवलाय त्यांनी.”

लोकांना हे गोड वाटतं. मला वाटत नव्हतं. मला संताप यायचा, आणि त्याला कारण होतं.

गरिबाघरच्या पोरांची कॉलेजची फी आमचं सरकार भरतं. कागदावर. प्रत्यक्षात पैसे वर्षानुवर्षं येत नाहीत. मग कॉलेज काय करतं? सरकारचं ते काही वाकडं करू शकत नाही, म्हणून आमची मूळ सर्टिफिकेटं कपाटात घालून कुलूप लावतं. ‘ओरिजिनल’ म्हणतो आम्ही त्यांना. ओरिजिनल नाही तर पुढचा प्रवेश नाही. जामबागेतल्या माझ्या कॉलेजात माझं असंच पडलं होतं. बी.एड.ला माझा नंबर लागला होता, ओरिजिनल दाखवायची मुदत संपत आली होती. माझ्यासारख्या वर्गभर पोरी होत्या. एकीनं तर वाट बघून आबिड्सला साड्यांच्या दुकानात नोकरी धरली. फी सरकारनं बुडवायची, शिक्षा आम्ही भोगायची. आणि आमचे आमदार डिकीत स्क्रू घेऊन हिंडतायत!

मी पत्रक काढलं. मी विद्यार्थी संघटनेत पत्रकंच लिहिते, दुसरं काही मला येत नाही. मथळा ठोकला: ‘घर पेटलंय आणि आमदार कढी शोधतायत!’ खाली लिहिलं, ‘ज्याला सतराचा पाढा येत नाही, तो आमच्या शिक्षणावर काय बोलणार?’

सगळ्या काचीगुड्यात वाटलं. स्टेशनवर वाटलं, बसस्टॉपवर वाटलं. मी इंग्रजी माध्यमातली, पत्रकं एरवी इंग्रजीत काढते; हे पहिलंच मराठीत. घरी मराठी बोलतो, लिहायची वेळ कधी येत नाही. ‘कडी’च्या जागी ‘कढी’ पडलंय हे मला इराण्याच्या हॉटेलातल्या गल्ल्यावरच्या चाचांनी कळवलं. त्यांना मराठी वाचता येत नाही, कुणीतरी वाचून दाखवलं असणार. “क्या अम्मा, नाना कू घर में कढी नै मिलरी क्या?”

संध्याकाळी फोन आला.

“पत्रक तूच लिहिलंस का?”

“हो. आणि मी माफी मागणार नाही.”

“नक्को मागू. घरी ये. कढी केलीय.”

नानांचं घर स्टेशनच्या मागे. गाडी गेली की भांडी वाजतात. लग्न त्यांनी केलं नाही. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, आक्का. आक्का खुर्चीत बसून लसूण सोलत होत्या. हात थरथरत होते, पण पाकळी अख्खी निघत होती. मला बघून म्हणाल्या, “ही का ती कढीवाली?”

ताटाशेजारी माझं पत्रक ठेवलेलं. लाल पेनानं रंगवलेलं.

“चौदा चुका,” नाना म्हणाले. “‘विद्यार्थिनी’तला थि ऱ्हस्व. मुद्दे बरोबर आहेत. शुद्धलेखनात नापास.”

“नाना, विषय बदलू नका. माझं ओरिजिनल कपाटात आहे. मुदत संपली की माझं वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की घरचे स्थळ बघणार. ह्यात तुमची कडी कुठं बसते?”

“तीच तर बसते. शाळेत आतून कडी नाही म्हणून पोरगी बाहेर पडते. तुम्हाला कॉलेजानं बाहेरून कडी घातली. काम एकच की.”

“मग विचारा की सभागृहात!”

नानांनी भात कालवला. “अगं, माझा एकच प्रश्न लागलाय ह्या अधिवेशनात. पहिल्या नंबरला. तो कड्यांचा आहे. सगळ्या शाळांना एकदम मंजुरी मागायची. तो मागं घेऊन तुझा घातला तर कड्या गेल्या पुढच्या अधिवेशनावर. दोन वर्षं मी ह्याची वाट बघतोय.”

मी बोलणार होते. बरंच बोलणार होते. पण आक्काच म्हणाल्या, लसणावरची नजर न काढता, “घाल की रे हिचा. नाहीतर पोरगी घरी बसंल.”

नानांचा घास हातातच राहिला. इतका वेळ की मलाच अवघडलं. मग ते म्हणाले, “वाढ हिला कढी.” दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्न बदलून दिला.

नंतर काय झालं ते आधी सांगून टाकते. नानांनी सभागृहात मंत्र्यांना एकच विचारलं: सर्टिफिकेट कॉलेजचं की पोरीचं? मंत्री फीवर बोलले, मागच्या सरकारवर बोलले, शेवटी म्हणाले, पोरीचं. ते छापील उत्तर घेऊन नाना जामबागेत आले, ऑफिसच्या दाराला पाठ लावून उभे राहिले आणि पाढे सुरू केले. ना कुणाला आत जाता येईना ना बाहेर. चौदाच्या पाढ्याला कपाट उघडलं. माझं ओरिजिनल मिळालं, वर्गातल्या बाकीच्यांचंही मिळालं. दुसऱ्या कॉलेजांतली कपाटं अजून बंद आहेत, फी सरकारनं अजून भरलेली नाही, आणि हे मी इथंही लिहिणारच. कड्यांची मंजुरी राहिली ती राहिलीच. नाना परत डबा घेऊन हिंडतात.

पण मला सांगायचंय ते प्रश्नाच्या दिवशी सकाळचं.

नानांना पोरींच्या नावांची यादी हवी होती. ती द्यायला मी सकाळीच गेले. दार उघडंच होतं. बाहेर यादगिरी गाडी चालू ठेवून बसलेला. सभागृह दहाला सुरू होतं, पहिलाच प्रश्न नानांचा. सभासद जागेवर नसला तर प्रश्न पुकारतात आणि पुढे जातात, हे मला पाठ होतं.

आत नाना उभे होते. इस्त्रीचे कपडे, खिशाला पेन, हातात फाईल. बोळात, न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून. “तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साती एक्याण्णव.”

मला वाटलं, इथंही कडी तपासतायत. बघते तर ह्या दाराला कडीच नव्हती. जिथं असायची तिथं चार भोकं. सगळ्या शहराला कड्या लावणाऱ्याच्या घरात!

“गेल्या साली आक्का आत पडली,” नाना हळू म्हणाले. “कडी आतून. दार फोडावं लागलं. डॉक्टर म्हणाला, काढून टाका.” मग आवाज चढवून, “तेरा दाहे एकशे तीस!”

“मदतीला बाई ठेवा ना कुणी.”

“ठेवली की, दुपारी येते. पण आत आक्काला कुणी लागत नाही. बाहेर लागतं.”

बाहेरून यादगिरीनं हॉर्न दिला. नानांनी घड्याळ बघितलं, दाराकडे बघितलं, परत घड्याळ. सभागृहात मंत्र्यांना न घाबरणारा माणूस. कपाळावर घाम आलेला.

“पाढे येतात का तुला?”

“टेबल्स येतात.”

“इंग्रजीतनं नक्को. तिला वाटंल, कुणी परकं उभंय.” दाराकडे मान वळवून म्हणाले, “आक्का, मी निघतो. ही उभी राहते. कढीवाली.”

“जा तू,” आतून आवाज आला. “पोरीचं काम आहे.”

नाना बाजूला झाले, मी त्यांच्या जागी पाठ टेकली. दार अजून उबदार होतं. नाना चपला घालता घालता थांबले. “मधेच थांबू नको,” एवढंच म्हणाले आणि गेले.

मी बेपासून सुरू केलं. बाराच्या पुढे माझं मराठी लंगडायला लागलं. अडले की आतून आक्का पुरवायच्या. नळ चालू, बंद, परत चालू. सोळाचा कसाबसा संपवला आणि सवयीनं, म्हणजे नानांच्या सवयीनं, अठराकडे वळले.

“सतराचा म्हण,” आक्का म्हणाल्या.

“नाना म्हणत नाहीत तो.”

“म्हणून तर. साठ वर्षं झाली ऐकून.”

आत बादली सरकली. मग आक्का बोलू लागल्या, दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगावी तशा. “आमच्या शाळेत दाराला कडी नव्हती. मी सातवीत, नाना चौथीत. मी आत गेले की हा दाराला पाठ लावून उभा राहायचा नि पाढे म्हणायचा. पाढा ऐकू येतोय तोवर तो आहे, असं आमचं ठरलेलं. संक्रांतीचे दिवस होते. सतराचा चालला होता. सतरा सक झालं आणि पतंग कटला कुणाचा तरी. पोरगंच ते. पळालं.”

“मग?”

“मी थांबले, आता म्हणंल साती, आता म्हणंल. मग दार बाहेरून उघडलं. दुसरी पोरं होती. हसली.” नळ बंद झाला. “दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही. वर्गात पहिली होते मी, हे तो सगळ्यांना सांगतो. बाकीचं सांगत नाही.”

‘ज्याला सतराचा पाढा येत नाही’, असं मी छापून सगळ्या काचीगुड्यात वाटलं होतं. चौदा चुकांत ही नानांनी धरली नव्हती.

स्टेशनातून गाडी सुटली, स्वयंपाकघरात भांडी वाजली. दहा वाजून गेले असणार. तिकडे माझा प्रश्न पुकारला जात होता आणि मी इथं बोळात उभी होते. जागा सोडून टीव्ही लावावा, असं एकदाही मनात आलं नाही.

“सतरा एके सतरा,” मी मोठ्यांदा म्हटलं. “सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एकावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पंचे पंच्याऐंशी. सतरा सक एकशे दोन. सतरा साती...”

अडलं. वन नाइन्टीन येत होतं. मराठीतलं येईना. मी पाठ घट्ट रेटून धरली, म्हणजे मी आहे हे निदान दाराला तरी कळावं.

“एकोणविसासे,” आक्का आतून म्हणाल्या. एकशे एकोणीसला जुनी माणसं असं म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मग म्हणाल्या, “आठीचं म्हण. आहेस ना गं?”

“आहे, आक्का,” मी म्हटलं. “सतरा आठी...”