माळवदावरचे तात्या

कुणाच्याही घरी गेले की तात्या आधी उदबत्ती पेटवायचे. देवापुढं लावायला नव्हे. पागोट्याच्या घडीत दोन-तीन उदबत्त्या कायम खोचलेल्या असायच्या. त्यातली एक काढायची, चुलीतल्या निखाऱ्यावर धरायची आणि धूर कुठं जातो ते बघत घरभर हिंडायचं. घरच्या लोकांना वाटायचं, पाहुणा भारी भाविक दिसतोय. बायका डोक्यावरचा पदर सावरून हात जोडायच्या. तात्या मात्र एखाद्या कोपऱ्यात उकिडवे बसून धुराकडं टक लावायचे आणि शेवटी मान हलवून म्हणायचे, "हवा निजलीय इथं. उठवा तिला."

बेजार केलं होतं या माणसानं आम्हाला. आता त्यांच्याबद्दल सांगायला बसले तरी अंगातला जीव गेल्यासारखं होतं, मग त्यांच्याबरोबर एका घरात राहताना काय होत असेल बघा.

तात्या म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले होते. माझे मालक पूर्ण्याला रेल्वेत कामाला, रजा मिळाली की यायचे, दोन दिवस राहून जायचे. त्यामुळं घरात आम्ही तिघंच: सासूबाई, तात्या आणि मी. गाव सोनपेठच्या बाजूचं, राज्य निजामाचं, शेत बेताचं. तात्यांना मूलबाळ नव्हतं. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, बाळही गेलं होतं, आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नव्हतं. एवढंच मला माहीत होतं. विचारायची सोय नव्हती, कारण सुनेनं सासऱ्यासारख्या माणसाशी समोर उभं राहून बोलायची आमच्यात रीतच नव्हती. त्यांचा हुकूम सासूबाईंकडून यायचा आणि माझं उत्तर सासूबाईंकडून जायचं.

माझं लग्नसुद्धा या उदबत्तीनंच जमलं. मला बघायला मंडळी आली तेव्हा बाकीचे मला चालायला लावत होते, नाव विचारत होते, स्वयंपाक येतो का विचारत होते. तात्या त्या घोळक्यात नव्हतेच. ते आमच्या स्वयंपाकघरात उदबत्ती घेऊन फिरले, मग शिडी मागून वर छतावर चढले, वरून खाली वाकून बघितलं आणि उतरून सगळ्यांदेखत निकाल दिला की, मुलगी चालंल, ह्यांच्याकडं धूर नीट जातो. माझ्या रंगाचं नाही, रूपाचं नाही, धुराचं कौतुक झालं. मी रात्रभर रडले होते.

आमच्याकडची घरं तेव्हा मातीची. भिंती हातभर जाड आणि वर माळवद, म्हणजे लाकडं, पाला आणि त्यावर पांढरी माती दाबून केलेलं सपाट छत. उन्हाळ्यात ही घरं गार राहतात, पण खिडकी म्हणाल तर नावालाही नाही. चोराचं भय. त्याऐवजी माळवदात वीतभर भोक ठेवायचं, त्याला साणं म्हणतात. उजेड तिथूनच यायचा, धूर तिथूनच जायचा, पाऊस आला की वर चढून त्यावर सपाट दगड ठेवायचा. तात्यांचा सगळा संसार म्हणजे ही साणी. आमच्या एवढ्याशा घरात त्यांनी जागोजाग साणी पाडून ठेवली होती. सासूबाई म्हणायच्या, ह्यांच्यामुळं आपण चाळणीखाली राहायलो.

एकदा स्वयंपाकघराच्या भिंतीलाच त्यांनी पहारीनं भोक पाडलं. हवा आली, नाही कोण म्हणतं. तिच्यामागून शेजारची मांजर आली आणि पातेलंभर दूध पिऊन गेली. सासूबाईंनी भोकापुढं पाटा उभा केला. तात्या म्हणाले, "वहिनी, मांजरीला कळतं ते तुमाला कळंना." त्यावर सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मग ते दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायला लागले आणि मला तर तात्यांशी बोलायची बंदी. त्या दिवसांत आमच्या घरात कुणाला काय हवंय याचा कुणालाच पत्ता नसायचा.

उन्हाळ्यात त्यांची बाज एका जागी ठरत नसे. सकाळी ओट्यावर, दुपारी आतल्या खोलीत, उन्हं कलली की गोठ्याच्या सावलीला, रात्री माळवदावर. बाज नेतील तिथं आम्ही त्यांना भाकरी नेऊन द्यायची. दुपारी दारं गच्च लावायची आणि दाराला भिजवलेलं पोतं टांगायचं, हा त्यांचा नेम. पाणी विहिरीवरून आणायचं मी, पोतं भिजवायचं मी, ते वाळलं की पुन्हा भिजवायचं मी, आणि "आता कसं गार वाटायलंय" म्हणायचं त्यांनी.

एकदा गावात गिरदावर साहेब आले, सारा-वसुलीच्या कामाला. चावडीत बसले होते. तात्यांनी तिथंही उदबत्ती काढली. साहेबाला वाटलं आपला मान चाललाय, त्यानं दाढीवरून हात फिरवला. तात्यांनी मोडक्यातोडक्या उर्दूत त्याला पटवलं की हुजूर, इथं बसलात तर डोकं धरेल, हवा त्या पलीकडच्या पडवीत आहे. साहेबाची बैठक उचलून पडवीत नेली. हवा खरोखर इतकी छान होती की साहेब तक्क्याला टेकले आणि जे झोपले ते दिवस मावळताना उठले. लांबलांबून आलेले लोक कागद हातात घेऊन उन्हात बसून राहिले आणि तसेच घरी गेले. गावानं तात्यांना शिव्या दिल्या. तात्या म्हणाले, "झोप लागली म्हणजे हवा चांगली होती."

एक मात्र मान्य करायला पाहिजे. माळवदाचं काम त्यांच्याइतकं चांगलं कुणाला येत नव्हतं. पावसाळ्याआधी गावातली माणसं त्यांना बोलवायची. तात्यांनी माती थापून पाण्याचा हात फिरवला की थेंब आत येत नसे. पण त्या कामाला गेले तरी जिथं गळतं तिथं बुजवायचं सोडून जिथं गळत नाही तिथं भोक पाडून यायचे.

तर असं चाललं होतं. मग मला दिवस गेले.

माझी आई मी लहान असतानाच गेली होती, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. ते ऐकल्यापासून तात्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात आतली, अंधारी. तात्या रोज उदबत्ती घेऊन त्या खोलीत जायचे आणि तोंड पाडून बाहेर यायचे. त्यांनी सासूबाईंना सांगून बघितलं, बाळंतपण ओसरीवर करा. ओसरीवर! सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

वैशाखात मुलगा झाला. पुढं जे करायचं असतं ते सासूबाईंनी सगळं रीतसर केलं. दाराला घोंगडं लावलं, बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली, तिच्यावर शेपा-ओव्याची धुरी घातली, आणि काठीच्या टोकाला चिंध्यांचं बोचकं करून ते खालून साण्यात ठोसून बसवलं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत मी शेगडीवर. पण सासूबाईंना बाळंतिणीला वारं लागायची भीती. त्या मला हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजींची सखू ह्याच खोलीत गेली, पोरी. साणं उघडं राहिलं असंल, वारं लागलं. तिला आन् लेकराला मीच उचललं व्हतं. आता तुझ्या बाबतीत मी काही राहू देणार न्हाई." माझ्या जिवासाठीच ती बाई हे सगळं करत होती, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

सोयेराचे दिवस, पुरुषाला त्या खोलीत पाऊल टाकता येत नाही. तात्यांनी मग माळवद गाठलं. सासूबाई खालून चिंध्या ठोसायच्या, त्या चुलीकडं गेल्या की तात्या वरून त्या ओढून काढायचे. मला बाजेवर पडल्यापडल्या दिसायचं: बोचकं हललं, वर सरकलं, गेलं, आणि उजेडाचा एक गोल जमिनीवर पडला. मग सासूबाई येऊन दुसरं बोचकं ठोसायच्या. संध्याकाळी तात्या सगळ्या चिंध्या नीट घडी घालून ओट्यावर आणून ठेवायचे, त्याच सासूबाई दुसऱ्या दिवशी वापरायच्या. दोघं एकमेकांना काही बोलत नव्हते. मला हसू यायचं, पण हसलं की डोक्यात घण पडायचे.

कारण माझं डोकं आता सारखं दुखत होतं. उठून बसले की खोली फिरायची, जेवण उलटून पडायचं. आणि एका दुपारी बाळ प्यायलाच तयार होईना. तोंडात धरलं तर ओढेना, मान टाकून नुसतं पडलं होतं, ओठांचा रंगही वेगळाच. सासूबाई घाबरल्या. म्हणाल्या, लागलंच शेवटी वारं, हे सगळं त्या माळवदावरच्या माणसाचं करणं. त्यांनी शेगडीत आणखी कोळसे घातले, बोचकं असं ठोसलं की माळवदाची माती खाली आली, आणि त्या सुईणीला बोलवायला निघून गेल्या.

मी बाळाला पोटाशी घेऊन पडले होते. रडायचंही त्राण नव्हतं. एवढ्यात वरती खरवडल्याचा आवाज आला. बोचकं सुटेना, तेव्हा तात्यांनी बाजूची मातीच उकरली. मग एकदम उजेड आला, पण ऊन आलं नाही. मी वर बघितलं. साण्यावर सावली होती.

रीत बाजूला ठेवून मी विचारलं, "तात्या, तुमी हाव का वर?"

"हाव," आवाज आला. "ऊन लेकराच्या तोंडावर यायलंय. म्हणून पागोटं सोडून धरलंय. हवा तेवढी आत यील."

वैशाखाची दुपार, पाय भाजणारं माळवद, आणि तात्या बोडक्या डोक्यानं दोन्ही हातांत पागोटं ताणून बसले होते. आमच्याकडं घरात कुणी गेलं तरच पुरुष पागोटं उतरवतो. मी म्हटलं, खाली जावा, सासूबाई येतील, मलाच बोलतील. ते हलले नाहीत. मग बोलायला लागले, ते माझ्याशी बोलत होते की त्या भोकाशी, कुणास ठाऊक. माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं, त्यांचं मला.

"सखूला वारं लागलं न्हवतं, पोरी. वारं कुठनं लागंल? साणं मीच बुजवलं व्हतं. दगड ठेवला, वरून माती थापली, पाण्याचा हात फिरवला. लय पक्कं बुजवलं. मला म्हणले व्हते ना, बाळंतीण जपायची हाय म्हणून. कोळसा बी मीच आणून द्यायचो दारात, चांगला बाभळीचा. सकाळी बघितलं तर दोघी मायलेकी गप पडलेल्या."

मी विचारलं, "मग कुणाला सांगितलं का न्हाई?"

"वहिनी म्हणल्या, साणं उघडं राहिलं, वारं लागलं. समदे तेच म्हणायलते." वर पागोटं पुन्हा ताणलं गेलं. "मला बी तेच बरं वाटलं."

घोंगडं हललं म्हणून मी दाराकडं बघितलं. सासूबाई उभ्या होत्या. सुईण घरी नाही असं वाटेतच कळलं, म्हणून त्या अर्ध्यातून परत आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या माहीत नाही, पण सगळं ऐकल्याचं त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. इतकी वर्षं ज्या उघड्या साण्याला त्यांनी दोष दिला, ते उघडं नव्हतंच. त्यांनी पदरानं धरून शेगडी उचलली, चटका बसला तरी सोडली नाही, अंगणात नेऊन तिच्यावर घागर ओतली. परत आल्या त्या दाराचं घोंगडंच काढून घेऊन आल्या. मग माझ्या उशाशी बसल्या आणि बाळाचे तळपाय चोळत राहिल्या. मी डोळे मिटले. दारातून हवा येत होती, वर साण्यातून जात होती, ती मला अंगावरून जाताना कळत होती.

बऱ्याच वेळानं सासूबाई साण्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. काठी त्यांनी भिंतीशी टाकून दिली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "खाली या. मी न्हाई आता बुजवत."

पागोट्याची सावली तेवढी जमिनीवर हलत होती. मग तात्यांनी विचारलं, "लेकरू कसं हाय?"

मी पदर बाजूला केला. बाळानं तोंड उघडलं होतं. हळूहळू, मध्ये थांबत, पण ओढत होतं. मी सासूबाईंकडं बघितलं.

"प्यायलंय," त्या म्हणाल्या. "भाऊजी, प्यायलंय लेकरू."

"मग बसतो की," तात्या वरून म्हणाले. "ऊन उतरंपर्यंत बसतो."