नाबर वाजत नाहीत

वरच्या मजल्यावर कोणी राहतं, हे आम्हाला पहिले पाच महिने कळलंच नाही. ड्रेस्डेनमधली आमची इमारत जुनी, जमिनी लाकडी. शेजारच्या बाईंचा चमचा पडला तर तो चहाचा की वाढायचा, हे मी सांगू शकत असे. वरून मात्र काही नाही. खाली बेलच्या पाटीवर 'नाबर' असं नाव वाचून मी 'ओळख करून घेणे' हे यादीत लिहिलं होतं. घर रिकामं दिसतंय, असं ठरवून त्यावर काट मारली.

मग एके दिवशी जिन्यात अगदी माझ्या पाठीशी आवाज आला, "वहिनी, कोथिंबीर कुठे मिळाली?"

मी दोन पायऱ्या एकदम चढले. मागे पन्नाशीचे एक किरकोळ गृहस्थ उभे होते. ते आधी टाच, मग कड, मग बोटं असं पाऊल ठेवायचे. आमची इरा तेव्हा सात वर्षांची. तिनं जर्मनमध्ये निकाल दिला, "ते चालत नाहीत, तरंगतात."

नाबर मूळचे वेंगुर्ल्याचे. इथे एका संशोधन संस्थेत उपकरणं सांभाळायचे. दर उन्हाळ्यात संस्थेची माणसं सैबेरियाच्या पार उत्तर टोकाला जात आणि टुंड्राच्या जमिनीतून मिथेन किती निघतो ते मोजत. तिथं जमीन खाली कायमची गोठलेली, उन्हाळ्यात वरचा हातभर थर तेवढा वितळतो आणि चिखल होतो. त्यावर जोरात पाऊल पडलं की बुडबुडे भसकन वर येतात आणि आकडा बिघडतो. म्हणून फळ्या टाकायच्या आणि त्यांवरून मांजरासारखं चालायचं. असे बारा उन्हाळे काढल्यावर नाबरांना दुसरं चालणं येईनासंच झालं.

"दाबलं की खोटं बोलते," ते जमिनीबद्दल म्हणायचे. पुढे पुढे सगळ्याबद्दलच. इरा मराठीत उत्तर देत नाही म्हणून मी तिच्यावर चिडले, तर म्हणाले, "दाबू नका, वहिनी. दाबलंत तर नुसतं 'हो, हो' म्हणेल, आणि तो आकडा खोटा."

दुसरी खोड म्हणजे मिथेनसाठी विचारायचे ते चार प्रश्न कशालाही लावायचे. थंडीत माझं दही लागेना. नाबर पातेल्यापाशी वाकून म्हणाले, "पाणी किती? ऊब किती? वारा लागतो का?"

"आणि चौथं?" माझ्या नवऱ्यानं, शिरीषनं विचारलं.

"गवत. त्याच्या पोकळ दांड्यातून मिथेन स्ट्रॉमधून यावा तसा वर येतो. दह्याला ते लागू नाही." शिरीष हसला, नाबर हसले नाहीत. पातेलं खिडकीतून काढून हायत्सुंगशेजारी, म्हणजे भिंतीतल्या हीटरशेजारी ठेवायला लावलं. सकाळी दही लागलं होतं. मी यादीत लिहून ठेवलं.

एका मार्चमध्ये नाबर फार उत्साहात खाली आले. आमच्याकडे पुरणपोळीचा बेत होता. संस्थेची सगळी माणसं ऑगस्टअखेर परत येत. नाबरांना ऑक्टोबर संपेपर्यंत थांबायचं होतं.

"प्रोफेसर म्हणतात, सप्टेंबरात जमीन झोपते. मोजायचं काय?" नाबर म्हणाले. "मी म्हटलं, झोपत असेल, पण घोरते. पोळी लाटताना बघा, वहिनी. वरून लाटणं, खालून पोळपाट. कडेनं काय येतं?"

"माझं येत नाही," मी म्हटलं.

"बरं, शिरीषरावांनी लाटली तर."

"पुरण," शिरीष म्हणाला.

"गेनाऊ, अगदी तेच. खाली कायमचा बर्फ, वरून नवा बर्फ खाली उतरतोय. मधल्या चिखलातला वायू जाईल कुठे? तिथं निसर्गच दाबतो. ते खोटं नाही."

प्रोफेसरांनी शेवटी हो म्हटलं, पण एकदाच. काही मिळालं नाही तर पुन्हा तो विषय नको.

मी त्यांची यादी केली. एकूण एक्केचाळीस गोष्टी. लोकरीचे मोजे, गोडा मसाला, डासांची जाळी, चष्म्याचा दुसरा जोड. संस्थेचा फॉर्म भरताना ते अडले. अडचण आल्यास कोणाला कळवायचं?

"तुमचं नाव घालू?"

"घाला की."

पुढचा रकाना नात्याचा. नाबरांनी विचार करून लिहिलं, 'खाली राहतात.'

नोव्हेंबरात ते परतले, हे मला टपालपेटी रिकामी दिसल्यावरून कळलं. तिथल्या मोजणीच्या मनोऱ्यावरच्या यंत्रानं दर क्षणाला वारा आणि वायू टिपला होता. त्यातून खरं काय ते काढायला दोन महिने लागणार होते. जिन्यात भेटले की मी बघायची, ते मान हलवायचे. मीही दाबलं नाही.

जानेवारीतला रविवार. इराला पोहायला नेऊन मी बाराला घरी आले, आणि डोक्यावर धाडकन आवाज झाला. दिवा हलला. रविवारी हाउसऑर्डनुंगप्रमाणे, म्हणजे इमारतीच्या नियमांप्रमाणे, खिळाही ठोकायचा नसतो. मी ओल्या टॉवेलसकट वर धावले.

नाबर दारातच उभे होते, मोज्यांवर.

"पडलात?"

"नाही. उडी मारली."

त्यांनी मला संगणकापाशी नेलं. पडद्यावर एक रेघ उन्हाळ्यात चढून ऑगस्टअखेर उतरत गेली होती, आणि मग, जमीन गोठायला लागल्यावर, उभीच्या उभी वर.

"वाढला, वहिनी. गोठताना वाढला."

"प्रोफेसरांना कळवलंत?"

"आज रविवार. उद्या मेल करीन."

"मग आधी मला फोन नाही का करायचा? केवढी घाबरले मी."

"फोनवर तुम्ही नुसतं 'छान' म्हणाला असतात," नाबर म्हणाले. मग जमिनीकडे बघत, "ही तिसरी. पहिल्या दोन साडेनऊला मारल्या. नंतर लक्षात आलं, तुम्ही घरी नाही. तुमचं दार वाजेपर्यंत थांबलो."

माझ्या खिशात त्या दिवसाची यादी होती. चार कामं राहिली होती.

"पहिल्यापासून दाखवा," मी म्हटलं. "जूनपासून."

इतक्या वर्षांत मी वर कधी आले नव्हते, त्यांनाच खाली बोलवत असे. खोलीत खुर्ची एकच होती. ती त्यांनी उचलून माझ्याजवळ ठेवली, आवाज न करता, आणि स्वतः उभे राहिले.