सोनाकाकीची मोटार

प्लॉट विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला आधी डोंगर दाखवावा, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मग ओढा, मग आंब्याचं झाड, आणि अगदी शेवटी सातबारा. आमचा बाळाराम गिऱ्हाइकाला डोंगराकडे तोंड करून उभं करतो आणि स्वतः मागच्या मागे गोठ्यात शिरतो. तिथं पत्र्याचं जे काही दिसेल त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करतो, कान लावतो आणि मान हलवतो.

"नाय. हा पिंपाचा पत्रा."

मुंबईहून आलेलं जोडपं हळूच मला विचारतं, हे काय तपासतायत? मी सांगतो, वास्तू बघतायत. दुसरं काय सांगणार? आमचा पार्टनर एक मोटार शोधतोय, ती त्याच्या जन्माआधी इथून गेली होती आणि ती गोठ्यात सापडेल अशी त्याची खात्री आहे, असं सांगितलं तर टोकनसुद्धा कोण देईल?

कर्जत स्टेशनबाहेर आमचं ऑफिस आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा आणि बाहेर ऑफिसपेक्षा मोठा बोर्ड. भागीदारीची वाटणी सोपी आहे: बोलायचं मी, जमिनी ओळखायच्या बाळारामनं. कर्जत आणि खालापूर तालुक्यातला बांध न बांध त्याला तोंडपाठ. माणूस पासष्टीचा, सडपातळ, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि टकटक करून करून उजव्या हाताच्या बोटाला घट्टा पडलेला. शेलूच्या पलीकडच्या गावात म्हाताऱ्या आईबरोबर राहतो. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, "आधी आईच्या वरातीचा निकाल लागू दे. मग माझी."

या वरातीची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तिची म्हण झाली आहे. कुणी थाप मारली की आमच्याकडे म्हणतात, "सोनाकाकीची मोटार आली." निवडणुकीत कुणी नळाचं पाणी कबूल केलं, सोनाकाकीची मोटार. बिल्डरच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव दिसला, सोनाकाकीची मोटार. आमच्याच पत्रकावर मी 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं छापलं होतं, तेव्हा बाळारामच्या गावातले माजी सरपंच नामा पाटील ते वाचून तेवढंच म्हणाले आणि पत्रकाची घडी करून डुगडुगणाऱ्या बाकाखाली सारली.

ही सोनाकाकी म्हणजे बाळारामची आई. तिचं म्हणणं एवढंच, की लग्नानंतर ती सासरी आली ती मोटारीतून. बैलगाडीतून नाही, मोटारीतून. तीही अशी तशी नाही, लढाईच्या आधी विलायतेहून आलेली.

बाळारामचे वडील, धर्मा, मुंबईच्या एका शेठचे ड्रायव्हर होते. शेठ उन्हाळ्यात माथेरानला जायचे. माथेरानला मोटार चालत नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. त्यामुळे शेठ छोट्या रेल्वेनं वर आणि मोटार नेरळला एका शेडमध्ये. वर शेठ हवा खाणार आणि खाली ड्रायव्हर महिनाभर मोटार पुसत बसणार. त्यात वैशाख, म्हणजे लग्नसराई. धर्मानं स्वतःचं लग्न नेमकं त्याच महिन्यात काढलं आणि शेठला न विचारता त्यांची मोटार स्वतःच्या वरातीला नेली. खालापूरकडच्या माहेराहून नवरीला घेतलं, सासरच्या शिवेवर आंब्याखाली उतरवलं आणि पुढं पायी घरी. मोटार गावात नेली असती तर नेरळला बातमी गेली असती आणि नोकरीही तिच्याबरोबर गेली असती. बायकोला बजावलं, कुणाला बोलायचं नाय. ती बोलली नाही. बाळाराम रांगत असताना धर्मा तापानं गेला, आणि मग नवऱ्याची आठवण म्हणून ती बोलायला लागली. तेव्हापासून गाव हसत आलं आहे.

साक्षीदार कुठून आणणार? सासरी मोटार कुणी पाहिली नव्हती. माहेरचं गाव धरणात गेलं, माणसं पांगली. आणि नामा पाटलांचा बिनतोड सवाल असायचा, "काकी, त्या गावाला तवा बैलगाडीचा रस्ता नव्हता. मोटार काय उडत आली?"

काकी चिडायची नाही. "आली म्हंजे आली," म्हणायची आणि तांदूळ निवडायला लागायची. चिडायचा बाळाराम. लहानपणी या म्हणीवरून त्यानं किती जणांची डोकी फोडली याची आजही गावात चर्चा होते. मोठेपणी डोकी फोडणं शोभेना, म्हणून तो मोटार शोधायला लागला.

"गाडी मरत नाय रं सुभाष," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "गाडी पांगते. माणसावानी. कुठंतरी तुकडा जित्ता असतोच."

मग तो मला शिकवायला बसायचा. त्या काळी कंपनी नुसता सांगाडा आणि इंजिन द्यायची. वरची काया वेगळे कारागीर हातानं बांधायचे, शिंपी कोट बेततो तशी, गिऱ्हाइकाच्या मापानं. आत लाकडाची चौकट, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. त्यामुळे अशी दुसरी मोटार जगात नव्हती. "ॲल्युमिनियम गंजत नाय. आन त्याचा आवाज बसका येतो," एवढ्यावर त्याची टकटक उभी होती. खूण एकच: मागच्या दाराला आतून मोराची मूठ. शेठनं ती हौसेनं बसवून घेतली होती आणि काकी म्हणायची, "ती मूठ धरून मी आले."

रस्त्याचं कोडं मात्र बाळारामनं फार वर्षांपूर्वीच सोडवलं होतं. एकदा मे महिन्यात त्यानं माझी नवी गाडी मागितली. मी शेजारी बसलो, ही माझी चूक. डांबरी रस्ता सोडून त्यानं गाडी सरळ भाताच्या शेतात घातली. पावसाळ्यात गुडघाभर चिखलाचं शेत उन्हाळ्यात फरशीसारखं टणक झालेलं असतं. आम्ही शेतामागून शेतं ओलांडत, बांधावरून उड्या मारत, एका गावात मागच्या बाजूनं हजर झालो.

"बघितलंस? रस्ता कुणाला लागतो? सगळी येडी रस्ता शोधत बसली."

सिद्धांत पटला. सायलेन्सर मागच्या तिसऱ्या शेतात पडला होता, तो आणायला मी एकटा गेलो.

शोधासाठी तो म्हाताऱ्यांकडे जायचा. दोनदा-तीनदा मीही सोबत गेलो. चहा व्हायचा, मोटारीबद्दल सगळं विचारून व्हायचं, आणि निघताना चप्पल घालता घालता तो आणखी एक गोष्ट विचारायचा, अगदी सहज, जणू आत्ताच आठवली. "आन ड्रायव्हर कसा व्हता वो दिसायला?" म्हातारे मोटारीचा रंग सांगायचे, भोंगा कसा वाजायचा ते तोंडानं वाजवून दाखवायचे. ड्रायव्हर काही कुणाला आठवायचा नाही. "व्हता कुणीतरी," म्हणायचे. बाळाराम "बरं" म्हणायचा आणि त्या दिवशी परतीच्या वाटेवर कुठल्याच पत्र्यावर टकटक करायचा नाही. त्यांच्या घरी धर्माचा एकही फोटो नाही, हे मला उशिरा कळलं.

पहिला धागा खोपोलीला सापडला. घाटाच्या पायथ्याशी एका गॅरेजात टेकलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मोराचं नाव काढताच कपाळाला हात लावला. शेठनं ती मोटार विकली होती. घेणाऱ्यानं वरची काया उतरवून सांगाड्यावर क्रेन बसवली, आणि शेठची मोटार घाटात पडलेले ट्रक ओढायला लागली. "दम व्हता तिच्यात. कुथायची नाय," मिस्त्री म्हणाले. क्रेन पुढं भंगारात गेली. काया मात्र चौक गावाकडचा एक शेतकरी बैलगाडीवर घालून घेऊन गेला होता, मळ्यावर राखणीला झोपायला.

मग काय, आमचा सगळा धंदा चौक आणि खालापूरकडे सरकला. मुंबईच्या लोकांना नेरळला प्लॉट हवा असला तरी बाळाराम त्यांना चौकला न्यायचा.

आणि गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी ते घडलं. मी एका डॉक्टर जोडप्याला डोंगर दाखवत होतो. बाळाराम घरामागं गेला. टकटक ऐकू आली. मग थांबली. पुन्हा एकदा झाली, हळू. मग बराच वेळ काहीच नाही. मी गेलो तर हा गडी कोंबड्यांच्या खुराड्यापुढं शेणात बसलेला, इस्त्रीच्या शर्टासकट. डॉक्टरांना वाटलं झटका आला, ते नाडी बघायला धावले.

खुराड्याला चार दारं होती. दारांना गोलाई होती. एका खिडकीतून कोंबडा मान काढून आमच्याकडे बघत होता, आणि शेठच्या काळातही त्या खिडकीतून इतक्या तोऱ्यात कुणी बघितलं नसेल. बाळारामनं मागच्या डाव्या दाराच्या आत हात घातला आणि विष्ठेचा थर शर्टाच्या बाहीनं पुसला. आतून पितळी मोर निघाला. त्याला मोठमोठ्यानं ओरडायचा हक्क होता, पण तो एवढंच म्हणाला, "सुभाष, आई खोटं नाय बोलली."

मला भरून आलं. डॉक्टरांनी प्लॉट घेतला नाही, हेही इथं नोंदवतो.

खुराड्याचे मालक पांडूबुवा भले, पण अडून बसले. पैशाला हात लावेनात. "न्या की. पन कोंबड्या कुठं निजतील? त्यांना ह्याची सवं हाय." बाळारामनं क्षणभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसचा बोर्ड उतरवून आणला. चांगला भक्कम पत्रा. त्याचं ऐसपैस खुराडं झालं. आजही पांडूबुवांच्या कोंबड्या माझ्या मोबाइल नंबराखाली अंडी घालतात.

कायेला नुसतं पाणी मारलं, रंग लावू दिला नाही. मग ती टेंपोवर चढवली. हार, आंब्याची पानं, पुढं बेंजो. खालापूरहून निघालेली ही वरात चौकला थांबली, कर्जतला थांबली, लोक विचारायचे नवरदेव कुठाय, आणि बाळाराम टेंपोवर उभा राहून हात जोडायचा. गावच्या शिवेवरचा आंबा आला. टेंपोवाल्यानं वेग कमी केला तसा बाळाराम वरून म्हणाला, "थांबू नको रं. आता सरळ दारात." आणि धर्माला जी मोटार गावात नेता आली नव्हती ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

बेंजो ऐकून सगळं गाव गोळा झालं होतं. सोनाकाकी ओट्यावर बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून विचारलं, "कुनाची वरात?"

"तुजी," बाळाराम म्हणाला.

काया दहा-बारा जणांनी खाली उतरवून अंगणात ठेवली. आता नामा पाटील पुढं आले. माणूस वाईट नाही, पण त्यांनी ती म्हण जन्मभर वापरली होती, अशी सहजासहजी कशी सोडतील? "कुठलंबी खोकं आणशील नि म्हनशील हीच ती," ते म्हणाले, आणि दारांपुढं आडवे उभे राहिले. "काकी, तिथंच बसा. तिथूनच सांगा, आत काय हाय?"

"मोराची मूठ हाय," काकी म्हणाली.

"ते साऱ्या गावाला पाठ हाय. दुसरं काय?"

काकी पदराचं टोक चाचपायला लागली. बाळारामचा चेहरा उतरला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि चोरी सापडलेल्या पोरीसारखी हळूच म्हणाली, "त्या मोराची चोच मोडलीया. मीच मोडली. गाडी बांधावरनं उडाली, मी घट्ट धरला व्हता, ती हातातच आली. टाकून दिली शेतात. शेठला कळलं असतं तर ह्यांच्या पगारातनं पैसे कापले असते. म्हनून कधीच कुनाला बोलले नाय."

बाळारामनं माझ्याकडं बघितलं. चोच नाही हे आम्ही दोघांनी पाहिलं होतं. कोंबड्यांनी टोचून पाडली असेल, असं आम्ही समजत होतो. नामा पाटलांनी दार उघडलं, वाकून आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. बाहेर आले ते टोपी हातात घेऊनच.

"न्हाई चोच," ते म्हणाले. "काकी, चुकलो. आली व्हती मोटार."

बेंजोवाल्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पोरी नाचल्या, म्हाताऱ्या नाचल्या, मीही नाचलो. नामा पाटलांनी स्वतः काकीचा हात धरून तिला मागच्या बाजूला, पसरलेल्या घोंगडीवर नेऊन बसवलं. तिनं न बघता डावा हात लांब केला आणि मूठ धरली.

"पुढं कुनी नाय," ती म्हणाली. "बाळ्या, तू बस."

पुढं सीट नव्हती. कुणीतरी दुधाचा क्रेट दिला. बाळाराम ड्रायव्हरच्या जागी त्यावर बसला, समोर बघत, हात मांडीवर. मी खिडकीला होतो म्हणून मला पुढचं ऐकू आलं.

"लग्नात मी ह्यांचं तोंड बघितलंच नव्हतं," काकी म्हणाली. "आधी अंतरपाट, मग मुंडावळ्या. गाडीत बसले तर हे पुढं, मी मागं. संगं आत्या आलती, तिला गाडी लागली, ती डोळे मिटून पडली. बोलायला कोन नाय. मग काय करते? सारी वाट ह्यांची मानच बघत आले."

"कशी व्हती?" बाळारामनं विचारलं.

"ही काय, हीच," काकी म्हणाली, आणि पुढं वाकून तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला.

बाळाराम मागं वळला नाही. तिला मान दिसत राहावी म्हणून तो तसाच, ताठ, समोर बघत बसून राहिला.