दोरीवरची दुपटी

यादवनाना रस्त्यानं चालायचे ते मान वर करून. ओळख नसलेल्याला वाटे, माणूस भलताच ताठ आहे. ओळख असलेल्याला ठाऊक असे की नाना लोकांच्या दोऱ्या बघतायत. कुणाच्या गच्चीवर दुपटी, झबली, लंगोट वाळताना दिसले की नाना जागच्या जागी थांबत, खिशातली छोटी वही काढून काहीतरी टिपत आणि सरळ त्या घराची कडी वाजवत. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पहिलाच प्रश्न जन्माच्या नोंदीचा, तोही अहिराणीत, "नोंद शे का?"

नाना पारोळ्याला नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या टेबलावर होते आणि माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. इतर लेखनिक टेबलाशी माणूस येण्याची वाट बघतात. नाना जन्म हुडकत गावभर फिरत. एकदा एका घरी त्यांनी अशीच कडी वाजवली. सासूबाईंनी ट्रंकेतली जुनी दुपटी ऊन दाखवायला बाहेर टाकली होती आणि घरात नवी सून येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. "बाळ कधी झालं?" असं नानांनी भर ओट्यावर, चार बायकांदेखत विचारलं. त्या घरी नानांना पुन्हा कुणी चहा विचारला नाही. नानांना मात्र आपलं काही चुकलंय असं वाटलंच नाही. "दुपटी दिसली, मी विचारलं," एवढंच म्हणाले.

तसा माणूस शांत. चिडे तो फक्त एका वाक्यावर. "बारसं होऊ द्या नाना, नाव ठरलं की येतोच नोंदवायला," असं कुणी म्हटलं की त्यांचे कान लाल होत. "बारशाची वाट बघू नका! नावाचा रकाना मी कोरा ठेवतो. नाव मागाहून टाकता येतं. जन्म आज लिहा!" आवाज एवढा चढे की पाळण्यातलं मूल दचकून रडायला लागे. बारशाची आमंत्रणं त्यांना ढीगभर येत, पण ते कधी कुठल्या बारशाला गेले नाहीत. घुगऱ्या घरी पाठवल्या तर त्या माझ्याकडे येत. नानांना घुगऱ्या बाधतात, अशी मी समजूत करून घेतली होती आणि आनंदानं खात होतो.

मी प्राथमिक शाळेत मास्तर. माझ्यावर नानांचा वेगळाच राग. त्या काळी बाप पोराला शाळेत घालायला आणी तेव्हा त्याला पोराची जन्मतारीख माहीत नसे. मग आम्ही मास्तर लोक एक जून लिहून मोकळे होत असू. माझ्या वर्गात एका वर्षी एकतीस पोरं एक जूनला जन्मलेली होती. शिवाय पोर अंगानं बारीक असलं तर मी एक वर्ष कमीच लावी. पुढं सरकारी नोकरी लागली तर एक वर्ष जास्त मिळेल, हा त्यामागचा दयाळू विचार. बापलोक खूश होत. नाना दर जूनमध्ये शाळेत येऊन माझं प्रवेशाचं रजिस्टर उघडत, कपाळावर हात मारत आणि म्हणत, "मास्तर, तुमच्यामुळे बठ्ठं गाव एकाच दिवशी जन्मलं!"

त्र्याण्णवच्या जूनमध्ये मात्र त्यांनी कपाळावर हात मारला नाही. बोट एका ओळीवर ठेवून ते तसेच उभे राहिले. ओळ होती जमनाची, कटपीसवाल्या हरचंदच्या मुलीची.

हरचंद आणि त्याची बायको सिंधमधून आलेले. जळगावला नातेवाइकांकडे लग्नाला म्हणून व्हिसावर आले, आणि तिकडं परत जायची हिंमत न झाल्यानं इकडंच राहिले. व्हिसाची मुदत केव्हाच संपली होती. हरचंद हातगाडीवर कटपीस विकी आणि खाकी कपडा दिसला की गाडी दुसऱ्या गल्लीत वळवी. जमनाला तो शाळेत घालायला घेऊन आला तेव्हा मी तारीख विचारली. तो घाबरून म्हणाला, "आप ही लिख दो, मास्तरजी." पोरगी काडीसारखी. मी नेहमीप्रमाणे दया केली आणि एक जून अठ्ठ्याऐंशी लिहिलं.

"तुम्ही हिला परदेशी करून टाकलं, मास्तर," नाना म्हणाले.

मला कळेना. नाना खुर्ची ओढून बसले. गावात सरकारी राजपत्र वाचणारा हा एकटा माणूस. त्यांनी समजावलं ते असं: सत्त्याऐंशीच्या एक जुलैच्या आधी या देशात जन्मलेलं मूल जन्मानंच इथलं नागरिक, आईबाप कुठून का आलेले असेनात. त्या दिवसापासून पुढं जन्मलेल्याला मात्र आई किंवा बाप, एक तरी इथला नागरिक असावा लागतो. उद्या हरचंदला परत जा असा हुकूम आला, तर माझ्या एका ओळीपायी पोरीलाही जावं लागेल, तिनं कधी न पाहिलेल्या मुलखात.

"पण ती आधीची कशावरून?"

नानांनी घरून जुनी, जाडजूड वही आणली; खिशातली टिपणं ते तिच्यात उतरवून ठेवत. त्यात एकवीस जून सत्त्याऐंशीच्या पानावर लिहिलं होतं: 'कटपीसवाले हरचंद. गच्चीवर दुपटी सहा. विचारले. पाहुण्यांचे बाळ म्हणाले. खोटे.' जुलै लागायला तेव्हा दहा दिवस बाकी होते. माझ्या दयेनं एका पोरीचा देश काढून घेतला होता.

एवढी जुनी नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो आणि त्यासाठी बापानं अर्ज करावा लागतो. हरचंद सहीला तयार होईना. कागदावर नाव गेलं की पोलीस दारात, हे त्याचं गणित. नाना आठ दिवस रोज त्याच्या गाडीशी जाऊन उभे राहिले. गिऱ्हाइकांना वाटलं, नाना ब्लाऊजपीस पसंत करतायत. नवव्या दिवशी हरचंदच्या बायकोनंच त्याच्या हातात पेन दिलं.

अनसूयाक्का सुईण दंडाधिकारी साहेबांपुढं साक्षीला आली. "वडना पूजा नंतर आठ-दहा दिनमा व्हयनी ही पोर. मीच नाळ कापी," असं तिनं ठणकावून सांगितलं. सत्त्याऐंशीची वटपौर्णिमा अकरा जूनची. मी उभा राहून कबूल केलं की माझी तारीख अंदाजपंचे होती, आणि जन्मात पहिल्यांदा मला एक जूनची लाज वाटली. मग नाना वही घेऊन उभे राहिले. साहेबांनी ती चाळली. त्यांना हसू आवरेना.

"लोकांच्या दोऱ्या टिपायच्या, हे तुमच्या नोकरीच्या नियमात आहे का?"

"नाही साहेब."

"मग कशासाठी टिपता?"

नानांनी साहेबांपुढं उघडी पडलेली वही हलकेच मिटली. साहेबांनी मग जास्त विचारलं नाही.

हुकूम मिळाला. नानांनी जमनाची नोंद आपल्या वळणदार अक्षरात केली, आणि मी माझ्या रजिस्टरमध्ये लाल शाईनं तारीख दुरुस्त केली. हरचंदनं दाखला कपाळाला लावला आणि हळूच विचारलं, "और छोटा?" जमनाचा धाकटा भाऊ जुलैच्या त्या रेघेच्या पलीकडचा, नव्वदचा. नानांनी मान हलवली. "त्याला कायद्यानं इथला करणं माझ्या हातात नाही, भाऊ," ते म्हणाले. "तो इथं जन्मला, एवढं मात्र लिहून ठेवू. त्याचाही अर्ज करा." आणि त्याचाही फॉर्म काढला.

वही कोर्टाच्या फायलीत अडकली होती. चार महिन्यांनी मी ती सोडवून आणली. परतीच्या एस.टी.त वेळ जाईना, म्हणून पहिल्या पानापासून वाचायला लागलो. पहिली नोंद पारोळ्याची नव्हतीच. फैजपूरची होती, नानांच्या सासरची, त्यांना नोकरी लागण्याच्याही आधीची. 'स्वतः. मुलगी. दुपटी अकरा दिवस.' बाकी पान कोरं होतं.

नानांच्या बायकोला जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांना मूल नव्हतं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

संध्याकाळी वही द्यायला गेलो. नाना ओट्यावर बसले होते. मी ते पान वाचलंय हे त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं असावं.

"नोंद केली नव्हती का हो, नाना?"

"नही." त्यांनी वही मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला. "बठ्ठा म्हणत होते, घाई काय शे. बाराव्या दिवशी नाव ठेवू, मग नावासकट नोंदवू. मीही हो म्हटलं."

मला फार वाईट वाटलं. या माणसाच्या वाटणीच्या घुगऱ्या मी इतकी वर्षं मिटक्या मारत खाल्ल्या होत्या.

"नाव ठरलं होतं का?" मी विचारलं.

"ठरलं होतं," नाना म्हणाले. नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.