गोळीबंद रक्त

"आज रक्त पुन्हा पातळ निघालं, तर तूही निघ," दिग्दर्शकाने सकाळी आल्या आल्या सांगून टाकलं.

ज्याला सांगितलं, त्याला सगळे भंगारशेठ म्हणत. अंतराळातल्या मालिकेला लागणारं सगळं भविष्य तो भंगारातून उभं करायचा. यंत्रं त्याची, तुटलेले हात त्याचे, रक्तही त्याचंच. मागच्या भागात मात्र कॅप्टनचा दंड चिरला गेला आणि रक्त कोपरावरून असं घळाघळा वाहिलं की प्रेक्षकांनी 'सरबत सांडलं' म्हणून यथेच्छ खिल्ली उडवली. अकरा वर्षांची नोकरी त्या सरबतात वाहून जायच्या बेतात होती.

आजचं रक्त चमच्यावरून खाली उतरायलाच तयार नव्हतं. ते बघून भंगारशेठच्या जिवात जीव आला.

प्रसंग साधा होता. यानाला आग लागली आहे, दार बंद आहे आणि ते फक्त कॅप्टनच्या रक्ताने उघडतं. त्यासाठी टेबलावर 'रक्तवाचक' नावाचं यंत्र ठेवलं होतं. म्हणजे स्टीलची मोठी चाळण पालथी घालून तिला चंदेरी रंग दिलेला, आत लाल दिवा, आणि छिद्रांतून धूर उसळावा म्हणून केस वाळवायचा ड्रायर. कॅप्टनने रक्ताळलेला पंजा त्यावर दाबायचा, यंत्राने दहा आकडे मोजायचे, मग पंजा उचलून पळायचं.

आकडे मोजून झाले. दार उघडलं. कॅप्टन जागचा हलला नाही.

"आऽऽ!" तो कण्हला. कण्हायचं ठरलेलं नव्हतं.

"वा!" दिग्दर्शक कुजबुजला. "काय वेदना आहे! कॅमेरा जवळ घ्या."

कॅप्टनने हात ओढला. हाताबरोबर आख्खं यंत्र उचललं गेलं. "अरे, सोडवा मला!"

"पदरचं बोलतोय. बोलू दे, बोलू दे."

पदरचं बोलण्याइतकी अक्कल कॅप्टनला नव्हती, हे अकरा वर्षांत भंगारशेठला पुरतं कळलं होतं. तो टेबलाखालून रांगत गेला आणि त्याने ड्रायरची पिन उपटली.

"आता जास्तच आवळतंय!" कॅप्टन ओरडला.

त्याने पिन पुन्हा घातली.

"भाजतंय! भाजतंय!"

भंगारशेठने पिन कायमची काढली. गरम होतं तोवर रक्त निदान चिकट होतं, गार झाल्यावर त्याची काच झाली. मेकअपवालीने बोटं एकेक करून उचकटायचा प्रयत्न केला, तेव्हा कॅप्टनच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. सुतार करवत घेऊन पुढे झाला.

"चाळण कापू?"

"चाळण कुठे संपते आणि मी कुठे सुरू होतो, ते दिसतंय का तुला?" कॅप्टनचा आवाज चिरकला. बोटांची टोकं एव्हाना पांढरी पडायला लागली होती.

"तुझं स्वतःचं रसायन आहे ना हे?" दिग्दर्शकाने भंगारशेठची कॉलर धरली. "मग उतारा सांग!"

इथेच सगळं अडलं होतं. 'गुप्त रसायन' ही भंगारशेठने उठवलेली आवई होती. रक्त म्हणजे साखरेचा लाल पाक, आणि त्याच्या हातून पाक हमखास करपायचा, म्हणून तो वर्षानुवर्षं घरी बायकोच करत होती. हे सांगावं तर अब्रू जाणार, न सांगावं तर कॅप्टनचा हात. त्याने मान खाली घालून घरी फोन लावला आणि दिग्दर्शकाने स्पीकर चालू केला.

"अगं, काल रक्त किती तारी केलं होतंस?"

सुतार आणि मेकअपवाली एकमेकांकडे बघू लागले.

"तारी कसलं? गोळीबंद केलंय. तुम्हीच म्हणालात ना, 'चांगलं घट्ट कर, नोकरीचा प्रश्न आहे'?"

"त्याला माणूस चिकटलाय गं. ड्रायरची गरम हवा लागली आणि..."

"थांबा. माझा ड्रायर तुमच्याकडे आहे?"

भंगारशेठने हातातली पिन पाठीमागे लपवली.

"आणि चाळण? अहो, तीन दिवस घर उलथंपालथं करतेय मी!"

"बाई, माझा हात!" कॅप्टन किंचाळला.

"किंचाळू नका. आधी पिन काढली का? आता कोमट पाणी घ्या आणि वाटीवाटीने हातावर ओता. कढत नको. ओढायचं नाही, साखर आहे ती, आपली आपण विरघळेल. आणि चाळणीला पोचा आलेला मला चालणार नाही."

पुढची वीस मिनिटं आख्खं यान फोनमधून येणाऱ्या हुकमांवर चाललं. कोमट पाण्याबरोबर चंदेरी रंगही ओघळला आणि शेवटी स्वयंपाकघरातली चाळण लखलखीत बाहेर आली. कॅप्टनचा पंजा सुटला. त्यावर ओळीने लाल ठिपके उठले होते, पण बोटं पाचच्या पाच जागेवर होती.

भंगारशेठ मुकाट्याने आपली हत्यारं पिशवीत भरू लागला. तिकडे दिग्दर्शक चित्रीकरण पुन्हा पुन्हा बघत होता.

"असं रक्त मी जन्मात पाहिलं नाही," तो अखेर म्हणाला. "आणि याला अभिनय करतानाही पहिल्यांदाच पाहिलं."

कॅप्टनने तोंड वाकडं केलं. दिग्दर्शकाने फोन उचलला.

"ताई, सोमवारी परग्रहाचा राजा मरणार आहे. हिरवं रक्त लागेल. तुम्ही स्वतः येता का?"

"येईन की. किती तारी?"

"तुम्ही म्हणाल तितकं." दिग्दर्शकाने पिशवी काखोटीला मारून उभ्या असलेल्या भंगारशेठकडे पाहिलं. "आणि यांचं काय करू?"

भंगारशेठ पिशवी खाली ठेवून फोनजवळ सरकला.

"राहू द्या त्यांना," बायको म्हणाली. "ढवळायला कुणीतरी लागेलच."